सिंगापूरचा ‘ला’ आणि नाशिकचा ‘च’

नमस्कार काकू,

मी मूळची नाशिकच्या सिडकोतली. अंबडच्या एका कारखान्यात चार वर्षं क्वालिटीला होते, आता तसल्याच कामावर सिंगापूरला आलेय. चार महिने पूर्ण झाले. शाळा इंग्रजी माध्यमाची, इंजिनिअरिंग इंग्रजीत, त्यामुळे भाषेची धास्ती कधी वाटली नव्हती. आता वाटते. ऑफिसच्या ग्रुपवरचे निम्मे मेसेज नुसत्या अक्षरांचे आणि उरलेल्यांत ‘ला’, ‘लोर’, ‘मेह’. परवा ताप आला म्हणून घरी राहिले, तर सुपरवायझरने ग्रुपवर विचारलं, ‘यू गॉट एमसी ऑर नॉट?’ पुरुष माणूस, तोही सगळ्यांसमोर! मी रागाने लिहिलं, ‘दॅट इज पर्सनल.’ तेव्हापासून तो माझ्याशी तुटक वागतो. रूममेट म्हणते एसपीचे पैसे दे. एकजण हसत म्हणाला, ‘यू व्हेरी ब्लर.’ हा अपमान समजायचा का? सगळे हसले की मीही हसते, कशाला ते कळत नाही. दर वेळी अर्थ विचारला तर बावळट वाटेन. मध्यंतरी मीही ‘ला’ म्हणायला लागले, तर फोनवर आई चिडली, ‘हो ला काय, नीट बोल.’ शेवटचं म्हणजे, दिवाळीला आठवडाभर रजा मागितली तर सुपरवायझर म्हणाला, ‘सी हाऊ फर्स्ट लोर.’ मिळाली की नाही मिळाली?

– गोंधळलेली सिडकोकर

अगं, पत्र वाचून मी आधी पोटभर हसून घेतलं, माफ कर. मग तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं ते डोक्यात आलं आणि हसू आवरलं.

एमसीचं पहिल्यांदा मिटवू. तिकडे एमसी म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट. अंबडला आपण ‘मेडिकल टाकली’ म्हणतो ना, तेच. तुझा गैरसमज का झाला हे मला समजावून सांगायला नको. माझ्या आजीच्या वेळी ‘कावळा शिवला’ म्हणत, आईच्या वेळी ‘बाहेरची’, आणि आमच्या कॉलेजात ‘एमसी’ आलं तेव्हा आम्हाला फार सुधारल्यासारखं वाटलं, कारण दोन इंग्रजी अक्षरांआड लपता येत होतं. तुम्ही मुली सरळ पिरियड्स म्हणता, पण घरातल्या बायकांच्या तोंडी एमसीच असतं, आणि ते कानात बसलेलं असतं. कट्ट्यावरच्या मुलांनी त्याच अक्षरांचं काय केलंय ते तर सोडूनच दे. तेव्हा तुला जे वाटलं ते नाशिकच्या कुठल्याही मुलीला वाटलं असतं. पण तुझ्या सुपरवायझरच्या बाजूने बघ. त्याने विचारलं, डॉक्टरकडे गेली होतीस का. तू म्हणालीस, तो माझा खासगी प्रश्न. त्याच्या लेखी तू दांडी मारलीस आणि वर तोंड करून बोललीस.

सर्टिफिकेट घेतलं असशील तर आजच्या आज पाठव. तिथल्या कायद्यात हे कागद फार काटेकोर आहेत. नोकरीला तीन महिने झाले की भरपगारी आजारपणाची रजा सुरू होते. पहिल्यांदा पाच दिवस, चार महिन्यांना आठ, पाच महिन्यांना अकरा आणि सहा महिने भरले की वर्षाला 14. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर हे 14 धरून 60 दिवसांपर्यंत. म्हणजे आज तुझ्या खात्यावर आठ दिवस आहेत. अट अशी की 48 तासांच्या आत कळवायचं आणि तिथल्या नोंदणीकृत डॉक्टरचा कागद हवा. इथल्या फॅमिली डॉक्टरने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली चिठ्ठी चालणार नाही, आईला आधीच सांगून ठेव.

त्याला काय सांगायचं? फोड करत बसू नकोस. ‘आमच्याकडे एमसीचा अर्थ वेगळा आहे, माझा गैरसमज झाला,’ एवढं एकट्याला गाठून सांग. तो ‘वेगळा म्हणजे काय’ विचारील, तर विभागातल्या एखाद्या बाईकडे बोट दाखव. ती त्याला सांगेल आणि मग तो आयुष्यात पुन्हा तुला एमसी मागायला जरा दबकेल. तो त्याचा प्रश्न.

आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे वळते. तू लिहितेस, अक्षरं कळत नाहीत. आणि सही करतेस सिडकोकर! पोरी, सिडको म्हणजे तरी काय? 1970 साली स्थापन झालेल्या एका महामंडळाच्या लांबलचक इंग्रजी नावातली चार-पाच अक्षरं. तू त्यांच्यात जन्मलीस, म्हणून ती तुला अक्षरं वाटत नाहीत, गाव वाटतं. आपल्या शहरात बाहेरच्या माणसाने पत्ता विचारून बघावा. सीबीएसला उतरा, एबीबी सर्कलवरून वळा, आयटीआयचा सिग्नल ओलांडा, आरटीओ कॉर्नरला थांबा. मुलगा केटीएचएमला, मुलगी आरवायकेला, मामा एचएएलमधून रिटायर, काका आयएसपीत. मायको सर्कलच्या मायकोचं 2008 मध्ये बॉश झालं, पण रिक्षावाल्याला बॉश सर्कल सांगून बघ, तो तुझ्याकडे बघत राहील. आणि आरवायकेत शिकलेल्या तुझ्या एखाद्या मैत्रिणीला विचार, आर म्हणजे कोण? वाय म्हणजे कोण? तीन वर्षं त्या फाटकातून आत गेली असेल, तरी सांगता येईलच असं नाही.

मी 1983 मध्ये लग्न होऊन कोल्हापूरहून नाशिकला आले. यजमान आधी रुजू झाले होते, त्यांनी पत्रात लिहिलं, ‘सीबीएसला उतर, तिथून मेरीची बस पकड.’ सीबीएस म्हणजे स्टँड, एवढं कंडक्टरने सांगितलं. पण मेरी? मी बस शोधत उभी, आणि मनात एकच घोळतंय, ही मेरी कोण? ह्यांच्या ऑफिसातली कोणी ख्रिश्चन बाई असेल, तिच्याकडे मला का उतरवताहेत? घर मिळालं नाही का? शेवटी एका म्हातारबुवांना विचारलं, ‘मेरीबाई कुठे राहतात?’ ते म्हणाले, ‘कोणत्या मेरीबाई? मेरी म्हणजे धरणाचं संशोधन करणारी कचेरी, दिंडोरी रोडला.’ महाराष्ट्र इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट! चाळीस वर्षं झाली, आमच्या घरात अजून कोणी उशिरा आलं की ‘मेरीबाईंकडे गेला होता का’ म्हणतात.

तर सिंगापूरची अक्षरं अशीच घे. सगळी पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस, तुझ्या कामाची कुठली ते बघ. एसपी म्हटलं की आपल्याला ग्रामीणचे पोलिस अधीक्षक आठवतात, पण तुझ्या रूममेटला पोलिसांशी घेणं नाही. ते वीज-पाणी-गॅसचं एकत्र बिल, वीज कंपनीच्या नावावरून एसपी. तुझा हिस्सा देऊन टाक. कामावर एएल म्हणजे हक्काची वार्षिक रजा, आपली पीएल. डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, अंबडमध्ये आपण चलन म्हणायचो तो कागद. ओटी तीच आपली ओटी, जादा कामाची. एखादा सहकारी ‘आयसीटी’वर गेलाय म्हणाले तर कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला गेला असं समजू नकोस. तिथे 1967 पासून तरुणांना सक्तीची लष्करी सेवा आहे, आणि ती संपली तरी पुढे कित्येक वर्षं वर्षाला 40 दिवसांपर्यंत छावणीत बोलावतात, ते आयसीटी. त्याच्या वाटणीचं काम तुझ्या टेबलावर येणार आहे, एवढं त्यातलं तुझ्या उपयोगाचं.

सीपीएफ तुला लागू नाही, ते तिथल्या नागरिकांचं आणि कायम रहिवाशांचं, आपल्या पीएफसारखं. सीओई म्हणजे गाडी बाळगायचा दहा वर्षांचा परवाना, तो लिलावात घ्यावा लागतो. 2023 मध्ये मोठ्या गाडीचा परवाना दीड लाख डॉलरवर गेला होता, नुसता परवाना, गाडी वेगळी. त्यावरून ते हळहळायला लागले की तू मान हलव, इथेही पेट्रोलवरून हलवतच होतीस. एक मात्र लक्षात असू दे. बीटीओ म्हणजे एचडीबीचं, म्हणजे त्यांच्या सरकारी गृहनिर्माण मंडळाचं, मागणी नोंदवल्यावर बांधलं जाणारं घर. तरुण जोडपी लग्न ठरवतानाच त्याला अर्ज करतात. त्यामुळे कुणी मुलाने ‘बीटीओ करूया का?’ विचारलं तर ती घराची चौकशी नव्हे. आईला फोन करावा लागेल.

आता ‘ला’, ‘लोर’, ‘मेह’. मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. भाच्याकडे सिंगापूरला, तोआ पायोह भागात, दोन महिने राहायला गेले तेव्हा पहिले आठ दिवस माझ्यातली मास्तरीण लाल पेन घेऊन फिरत होती. नवव्या दिवशी खालच्या कॉफीच्या टपरीवर दोघांचं बोलणं ऐकलं. एक म्हणतो, ‘टुमॉरो कॅन ऑर नॉट?’ दुसरा म्हणतो, ‘कॅन ला.’ पहिला, ‘कॅन मेह?’ दुसरा खांदे पाडून, ‘कॅन लोर.’ आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. ही इंग्रजी नाहीच, हे तर आपलं बोलणं आहे! ‘उद्या जमेल की नाही?’ ‘जमेल की.’ ‘जमेल होय?’ ‘जमवायचं, काय करणार.’

बघ, ‘की’, ‘होय’, ‘ना’, ‘बरं का’, ‘म्हणे’ ही शेपटं मराठीतून काढून टाक आणि मग घरात दहा मिनिटं बोलून दाखव. बोलणं सरकारी पत्रासारखं होईल. ‘ये’ आणि ‘ये ना’ यांत किती फरक आहे, तो कुठल्या व्याकरणात सापडतो? ‘ला’ त्या जागचा आहे. ‘कॅन ला’ म्हणजे काळजी करू नको. ‘मेह’ आलं की समोरच्याला शंका आहे. ‘लोर’ आलं की माणसाने हात टेकलेत. ‘कॅन हॉर?’ म्हणजे ‘जमेल ना?’, त्याला तुझ्याकडून खात्री हवी आहे. ‘व्हेअर गॉट?’ ऐकलंस का? कुठे मिळालं असं ते विचारत नाहीत. ते आपलं ‘कुठे काय!’ आहे, अगदी तोच सूर, तोच झटका. ‘लाइक दॅट ऑल्सो कॅन?’ म्हणजे ‘असंही चालतं होय!’ इंग्रजी शब्द वर ठेवलेत, खालून होक्कियन ही चिनी बोली, मलाय, तमिळ बोलतंय. गोऱ्या माणसाला हे शिकायला वर्षं लागतात. तुझ्या हाताशी मराठी आहे, तू महिन्यात शिकशील. फक्त इंग्रजीत ऐकू नकोस, मराठीत ऐक.

‘ब्लर’ म्हणजे गोंधळलेली, भांबावलेली. शिवी नाही. आपण ‘कुठे हरवलीस’ म्हणतो तसं. 2016 मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात सिंगापूरचे बरेच शब्द घेतले, त्यात ब्लर आहे, मस्त या अर्थाचा शिओक आहे आणि एचडीबीसुद्धा आहे. सरकारला मात्र हे बोलणं फारसं रुचत नाही. 2000 साली त्यांनी चांगलं इंग्रजी बोला म्हणून मोहीमच काढली. त्याचा तुला एक उपयोग आहे. तुझा सुपरवायझर दोन इंग्रजी बोलतो. जेवणाच्या टेबलावर एक आणि गिऱ्हाइकाशी फोनवर दुसरी. तो कधी बदलतो ते कान देऊन ऐक. मेलमध्ये, तपासणीच्या रिपोर्टमध्ये तू कायम दुसरीच लिही.

विचारायची लाज वाटते म्हणतेस. गप्पांत एखादा विनोद सुटला तर सुटू दे, तिथे खुशाल हस. पण कामाच्या बाबतीत न समजता मान हलवलीस, तर तू क्वालिटीत आहेस, रिजेक्शन कुणाच्या नावावर पडतं ते तुला ठाऊक आहे. सगळ्यांना विचारू नकोस, एक माणूस धर. शक्यतो वयस्कर, शक्यतो बाई. तिथे सफाई करणाऱ्या, चहा देणाऱ्या बायकांना सगळे आंटीच म्हणतात, हे आपल्याला सोपं जातं. त्यांना वेळ असतो आणि शिकवायला आवडतं. इमारतीच्या खाली जे छोटं किराणा दुकान असतं त्याला तर मामा शॉपच म्हणतात. तमिळ मामा आणि मराठी मामा एकच.

मी एका आंटीकडूनच शिकले, पण आधी शोभा करून घेतली. दुपारी बाराला खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत गेलो होतो, तोबा गर्दी. एक टेबल रिकामं दिसलं, त्यावर टिश्यूचं एक पाकीट पडलेलं. मी कुणी विसरलं म्हणून ते उचललं आणि टेबल पुसणाऱ्या आंटीच्या हातात दिलं. ती ते घेईना. मी पुन्हा देते, ती पुन्हा माझ्या हातात कोंबते. तेवढ्यात ताटं घेऊन तिघं आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. भाचा पळत आला. म्हणाला, ‘मावशी, ते चोप केलंय!’ चोप म्हणजे जागा धरणं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसा त्यांचा रुमाल म्हणजे टिश्यूचं पाकीट. फरक एवढाच की त्यांच्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. आपल्याकडे रुमाल खिशात घालून लोक सीटवर बसतात. ती आंटी दुसऱ्या दिवसापासून मला बघून हसायची आणि कॉफी मागायला शिकवायची. नुसती कोपी म्हटलं की आटवलेलं गोड दूध घातलेली. कोपी-ओ म्हणजे काळी, पण साखर असते. साखर नको तर कोपी-ओ कोसोंग. कोसोंग म्हणजे मलायमध्ये रिकामं. मला मधुमेह आहे, त्यामुळे सिंगापुरात हा एक शब्द मला पासपोर्टाइतका कामाला आला.

एक आरसा तुलाही दाखवते. तू मेलमध्ये ‘आय हॅव अ डाउट’ लिहितेस का? लिहीतच असशील, आपण सगळे वर्गात तेच शिकलो. आपल्या मनात असतं ‘एक शंका विचारायची आहे’, पण समोरच्याला ऐकू येतं ‘मला तुमच्या म्हणण्याचा भरवसा वाटत नाही’. त्याऐवजी क्वेश्चन म्हण. मीटिंग ‘प्रीपोन’ करूया म्हणशील तर बरेचजण बघत राहतील. लाख म्हणू नकोस, हंड्रेड थाउजंड म्हण. आणि ‘आय सेंट इट येस्टरडे ओन्ली’? हे तर मी पेपरात हजारदा लाल केलंय. आता कळतं की तिथे ओन्ली नाहीच, तिथे आपला ‘च’ बसलाय. ‘कालच पाठवलं.’ मराठी माणसाचा जीव त्या ‘च’त असतो, इंग्रजीत त्याला जागा सापडेना म्हणून त्याने ओन्लीला धरलं. तेव्हा त्यांच्या ‘ला’वर हसताना आपल्या ‘च’कडेही बघ. तो तुझ्या सहकाऱ्यांना रोज कोड्यात टाकत असणार, ते बोलत नाहीत एवढंच.

तू ‘ला’ म्हणावंस की नाही? मला विचारशील तर सध्या नको. आई चिडते म्हणून नाही, आई चिडणारच. पण नवीन माणसाने लगेच शेपटं लावली की ती चुकीच्या जागी लागतात आणि नक्कल केल्यासारखं वाटतं. दिल्लीचा कुणी साहेब पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वाक्याला ‘ना भाऊ’ लावायला लागला तर अंबडमध्ये तुम्ही काय म्हणाल? समजून घे, वापरू नकोस. एखाद्या दिवशी तुझ्या नकळत बरोबर ठिकाणी सुटेल आणि कुणाचं लक्षही जाणार नाही.

राहिला ‘सी हाऊ फर्स्ट लोर’. अगं, हे ‘बघू’ आहे. नाशिकला बाबांनी ‘बघू’ म्हटलं की नाही समजायचं, पण तिथे तसं नसतं. त्याने खरोखर अजून ठरवलेलं नाही, आणि मागचा ‘लोर’ सांगतोय की त्याच्या हातातही फारसं नाही, माणसं कमी असतील. तिथे दीपावलीची सार्वजनिक सुट्टी एकच दिवस असते, बाकी दिवस तुला तुझ्या एएलमधून घ्यावे लागतील. एएल किती साठली आहे ते एचआरला विचार, तारखा घालून लेखी अर्ज टाक, आणि एमसीचा कागद त्याच्या आधी पाठव, नंतर नको. लेखी होकार हातात येईपर्यंत तिकीट काढू नकोस. आईला मी सांगते, चकल्या उशिरा तळ म्हणावं.